काज-बटण

ताप सहाच दिवस होता, भादव्यात.
सातव्या दिवशी न्हाले, भात खाल्ला.
आठव्या दिवशी हातातून कप सुटला
आणि मला तो फुटल्याच्या आवाजानं कळला.

सासू म्हणाली, तिम्मिरी. बसून बसून होतं.
शेजारची लक्कव्वा म्हणाली, जोमु.
मी मराठी शाळेत शिकलेली, मी म्हटलं मुंग्या.
विडी घरकुलाच्या एका गल्लीत
तिला तीन भाषांत नाव होतं,
फक्त रिपोर्टात नव्हतं.

रक्त नॉर्मल. साखर नॉर्मल.
सात रस्त्याला एका थंड खोलीत
पोटरीला वायरी लावून झटके दिले.
पडद्यावर रेघ उठली, पडली.
मशीनवरची पोरगी म्हणाली, छान आहे.
अडीच हजारांचं ते छान
पिशवीत घालून मी रिक्षात बसले.
तळव्यांखाली कुणीतरी वाळू पसरली होती,
रिक्षात, घरात, झोपेतसुद्धा.

रात्री पाय जळायचे.
अंबादास पाळीवरून दोनला यायचा,
न बोलता ओला टॉवेल टाकायचा पायांवर,
कारखान्यातला, सेकंडचा, कडेचा धागा सुटलेला.
सकाळी विचारायचा, बरं आहे ना आता?
मी हो म्हणायचे.
एकदा नाही म्हटलं,
तर उंबऱ्यात बसून
चपलेचा अंगठा बघत राहिला किती वेळ.

येमूल शेठचा माल थांबत नव्हता.
शाळेचे पांढरे शर्ट, दर शर्टाला सात बटणं.
सुई बोटात जायची, मला कळायचं नाही,
शर्टाला कळायचं.
मीठ लावलं, थंड पाण्यात चोळलं,
तरी चार शर्ट परत आले.
गठ्ठा नेणारा पोरगा म्हणाला,
अक्का, तुम्ही जरा आराम करा.
हिशोबाच्या वहीत त्यानं
माझ्या नावापुढं आडवी रेघ मारली.
तीही नॉर्मल, सरळ.

हिरेमठ डॉक्टरांनी कागद बघितलेच नाहीत.
डोळे मिटायला लावले,
कापसानं, मग टाचणीनं विचारत गेले, इथं? इथं?
म्हणाले, ताप जाताना काहीतरी विस्कटून गेला.
काय, ते मला दिसत नाही.
किती दिवस लागतील?
महिने विचारा, म्हणाले.
एवढं खरं कुणी बोललं नव्हतं.
पाया पडावंसं वाटलं,
पण वाकले असते तर पडलेच असते.

गड्ड्याच्या जत्रेतून श्रीलतानं
रबरी चेंडू आणला, माझ्यासाठी, दाबायला.
डब्यात शेंगदाणे आणि फुटाणे मिसळून म्हणायची,
आई, बघायचं नाही, सांगायचं.
मी अंदाजानं सांगायची.
ती खोटं खोटं बरोबर म्हणायची.
मार्चात एकदा डाव्या हाताला फुटाणा
खरंच कळला.
तेव्हा ती गप्प बसली.

आणि मग मे. अशोक चौक, दुपारचे दोन.
एक चप्पल मागं राहिली,
मी तशीच चालले डांबरावरून.
केळीवाला ओरडला, ओ अक्का, चप्पल!
घरी टाच वळवून बघितली.
फोड दिसला. दुखला नाही.
रडले ती त्या न दुखण्यासाठी.
वाटलं, उतरलेली पायरी पुन्हा चढायची म्हणजे
आधी ती पायाखाली आहे हे तर कळू दे.

आता आखाड संपत आलाय.
शाळा सुरू झाल्या, शर्टांचा सीझन गेला.
दिवसाला नव्वद बटणं होतात,
पूर्वी पाचशे व्हायची.
उजवी टाच अजून वाळूतच आहे.
काही दिवस नुसते मागं जातात,
कशानं ते कळत नाही, मीही आता विचारत नाही.

काल सुई बोचली.
तोंडातून तेलुगूत शिवी गेली.
सासूनं आतून विचारलं, काय झालं?
काही नाही म्हटलं
आणि तीच जागा हळूच
आणखी एकदा टोचून बघितली.

संध्याकाळी दळण घेऊन येताना
डाव्या पायातली चप्पल निसटली.
कुणी हाक मारली नाही.
डबा कमरेवर सावरून मी थांबले, वळले.
ती फार लांब नव्हती,
दोनच पावलं उशीर झाला होता.